सवाई-दिढी ते बचत गट
गोंदिया परिसरातल्या धान पिकवणाऱ्या कुटुंबांचे जुने कर्ज बरेचदा धान्यातच असे. पेरणीला सावकाराकडून बियाणे उचलायचे आणि मळणीनंतर सवाईने किंवा दिढीने, म्हणजे पावपट वा निमपट वाढवून, फेडायचे. मुदत काही महिन्यांचीच, त्यामुळे वर्षाच्या हिशेबाने हे व्याज आणखी जड पडे. तेव्हाच्या मध्य प्रांतात १९३३ साली कर्ज-तडजोडीचा, तर १९३४ साली सावकारीचा कायदा झाला; पण पुढच्या पेरणीला दारात उभे करणारा दुसरा कोणी नसेल, तर कायद्याचा आधार तोकडाच. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँका खेड्यांकडे वळल्या, तरी तारण लागेच. १९९२ पासून नाबार्डने बचत गट बँकांना जोडले आणि जमीन नावावर नसलेल्या बायकांनाही कर्ज मिळू लागले.