रहमानी आणि मुअल्लिम : लक्षद्वीपच्या घराघरांतील इतिहास

इतिहासाची साधने म्हटली की दप्तरखाने, फर्माने आणि शिलालेख आपल्यापुढे उभे राहतात. परंतु जेथे राजधानी नव्हती, दरबार नव्हता, अशा बेटांवरील लोकांचा इतिहास कोठे शोधावा? या दृष्टीने लक्षद्वीपचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे.

लक्षद्वीपमध्ये वस्तीची बेटे दहा. एकूण क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४,४७३. बहुतेक सर्व रहिवासी मुस्लिम. कण्णूरच्या अरक्कल घराण्याने व पुढे इंग्रजांनी येथील कारभार दुरूनच पाहिला. अशा कारभाराच्या कागदांत काथ्या आणि वसुली यांनाच मोठी जागा असते. बेटकऱ्यांचे स्वतःचे लेखन राहिले ते घरातल्या पेट्यांत.

त्यांत सर्वांत मोलाच्या वह्या म्हणजे ‘रहमानी’. या नावाचा ‘रहमान’शी संबंध नाही. फारसी ‘राहनामा’, म्हणजे वाटेचे पुस्तक, हे अरबी दर्यावर्दींच्या तोंडी ‘रहमानी’ झाले. शिडाच्या ‘ओडम’मधून काथ्या आणि नारळ घेऊन मंगळूर, कोळिकोडकडे निघणाऱ्या जाणकारांच्या या वह्या. त्यांत ताऱ्यांची उंची ‘इस्बा’, म्हणजे बोटाच्या मापाने दिलेली असते. दिशा आणि अंतरेही असतात. प्रवाळाची ही बेटे समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच. अंदाज थोडा चुकला तरी परतीच्या वाटेवर आपले बेट दृष्टीस पडत नाही. म्हणून या वहीवर साऱ्या गलबताचे प्राण अवलंबून असत.

यंत्रावर चालणारी जहाजे आली आणि वहीची गरज संपली. त्यात लिपीची अडचण. या बेटांवर मल्याळमची बोली अरबी लिपीत लिहिण्याची जुनी रीत आहे, तर मिनिकॉयची महल भाषा थाना लिपीत लिहितात. मल्याळी आणि इंग्रजी अक्षरे शिकलेल्या नातवाला आजोबांची वही सहज लागत नाही. आपल्या घरांतील मोडी आणि फारसी कागदांची कथा याहून वेगळी नाही.

तरीही काम होऊ शकते. लोतिका वरदराजन यांनी कवरत्तीच्या एका दर्यावर्दीची रहमानी २००४ मध्ये प्रसिद्ध केली. मातृवंशीय ‘तरवाड’ घराण्यांचा लीला दुबे यांनी केलेला अभ्यास १९६९ मध्ये ग्रंथरूपाने आला. अशा कामात वहीइतकीच घराची नोंद महत्त्वाची ठरते : वही कोणी लिहिली, कोणत्या घरात राहिली, कोणाकडून कोणाकडे गेली. मूळ वही घरीच राहावी, तिचे छायाचित्र घ्यावे आणि वाचता येणाऱ्या वडीलधाऱ्यांचे वाचन त्यांच्याच आवाजात नोंदवावे. वाचणारा गेल्यावर कागद उरतो, पण मुका होतो.

बेटांवर वाट दाखवणाऱ्या दर्यावर्दीला ‘मालमी’ म्हणतात. हा शब्द अरबी ‘मुअल्लिम’वरून, म्हणजे शिक्षकावरून आला. आपणही मुअल्लिमच आहोत. आपल्या वर्गातील विद्यार्थ्याच्या घरी न वाचलेली अशी एखादी वही आहे का, एवढे विचारण्यापासून आपल्याला सुरुवात करता येईल.