जुनी पोर्शे घ्यायचीय? आधी फोन काढा, मग चेकबुक

नव्या फॉर्च्युनरला जेवढे पैसे लागतात तेवढ्यात, किंवा त्याहून कमी पैशांत, जुनी पोर्शे बॉक्स्टर मिळू शकते. इन्स्टावर अशी रील्स रोज दिसतात. लाल गाडी, उघडं छत, खाली किंमत आणि ‘डीएम करा’. यात खोटं काही नसतं, पण ती किंमत फक्त गाडी ताब्यात घेण्याची असते. गाडी जुनी होते तशी तिची किंमत पडते, पार्ट्सची पडत नाही. नवी असताना पाऊण-एक कोटीची असलेली गाडी आज तुम्हाला तीस लाखांत मिळाली, तरी तिचा क्लच, ब्रेक आणि सस्पेन्शन त्या महागड्या गाडीच्याच भावात येतात.

म्हणून माझा हिशोब साधा आहे. खिशात चाळीस लाख असतील तर गाडी बत्तीसच्या आत बघायची आणि उरलेले आठ पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवायचे. ते आठ लाख लागलेच नाहीत तर उत्तम. बजेट ताणून सगळे पैसे गाडीत घातले, तर पहिल्याच मोठ्या बिलाला गाडी विकायची वेळ येते, तीही पडेल त्या भावाला. बाजारात ‘अर्जंट सेल’ म्हणून दिसणाऱ्या कित्येक गाड्या याच रस्त्याने आलेल्या असतात.

आपल्याकडे या बजेटमध्ये बीएमडब्ल्यू झेड४, ऑडी टीटी, मर्सिडीज एसएलके, क्वचित निसान ३७०झेड असेही पर्याय आहेत. पण या लेखात उदाहरण म्हणून पोर्शे बॉक्स्टर आणि तिची छप्पर असलेली बहीण केमन घेऊ. कारण खरी मिड-इंजिन स्पोर्ट्स कार म्हणावी अशी त्यातल्या त्यात आवाक्यातली हीच, आणि चुकीचं वर्ष निवडलं तर काय होतं हे दाखवायलाही हिच्यासारखं उदाहरण नाही.

एक छोटं बेअरिंग

बॉक्स्टरची पहिली पिढी, ९८६, १९९६ ला आली. दुसरी, ९८७, २००४ च्या शेवटी. केमन त्यानंतर २००५ मध्ये. या काळातल्या इंजिनांमध्ये क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांच्या मध्ये एक दांडा असतो, इंटरमीडिएट शाफ्ट. त्याच्या एका टोकाला सीलबंद बेअरिंग आहे, त्यालाच सगळे ‘आयएमएस बेअरिंग’ म्हणतात. सील कालांतराने कमजोर होतं, आतलं ग्रीस धुतलं जातं, बेअरिंग झिजतं. ते तुटलं की शाफ्ट जागेवरून हलतो, व्हॉल्व्हचं टायमिंग बिघडतं आणि व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आदळतात. मग दुरुस्तीचा प्रश्नच नाही, इंजिनच बदला.

प्रत्येक गाडीत हे होतं असं अजिबात नाही, बहुतेकांत होत नाही. पण होणार की नाही हे बाहेरून कळत नाही, आणि झालं तर गाडीच्या निम्म्या किमतीचा फटका बसू शकतो. जुन्या गाड्यांमध्ये क्लच बदलताना हे बेअरिंगही बदलता येतं, तसं केल्याचं बिल असेल तर जरूर मागा. २००६ ते २००८ च्या सुमाराच्या इंजिनांत बेअरिंग मोठं आणि जास्त टिकाऊ आहे, पण इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय ते बाहेर निघत नाही.

२००९ मॉडेल वर्षापासून पोर्शेने नवं इंजिन आणलं आणि त्यात हा शाफ्टच ठेवला नाही. प्रश्न मिटला! मात्र ‘२००९ ची गाडी’ म्हणजे नवं इंजिन असं गृहीत धरू नका. आरसीवरची नोंदणी २००९ ची असली तरी गाडी आधी बनलेली असू शकते. ओळखायची सोपी खूण गिअरबॉक्समध्ये आहे. ऑटोमॅटिक ९८७ मध्ये पाच गिअरचा ‘टिपट्रॉनिक’ असेल तर इंजिन जुनं, सात गिअरचा ‘पीडीके’ असेल तर नवं. मॅन्युअल असेल तर क्षमता बघा: साध्या बॉक्स्टरमध्ये २.७ लिटर म्हणजे जुनं, २.९ म्हणजे नवं. (हे फक्त ९८७ पुरतं. २०१२ नंतरच्या ९८१ मध्ये पुन्हा २.७ आलं, पण ते नव्या घराण्यातलं आहे.)

माझं मत विचाराल तर पैसे थोडे जास्त गेले तरी २००९ नंतरचीच घ्या.

कागद आधी, टेस्ट ड्राइव्ह नंतर

एमपरिवहन ॲप किंवा वाहन पोर्टलवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा, पीयूसी, कर्जाचा बोजा इतकं तरी दिसतं. ई-चलन वेगळं तपासा. बोजा दिसत असेल तर ‘लोन संपलंय, फक्त कागद यायचाय’ या वाक्यावर विश्वास ठेवू नका. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

महागड्या गाड्यांत अजून एक भानगड असते, परराज्याची पासिंग. राज्याराज्यांत रोड टॅक्सचे दर वेगळे आहेत आणि महाराष्ट्रात आयात गाड्यांना ते चांगलेच चढे आहेत. त्यामुळे जिथे कर कमी तिथे नोंदणी करून गाडी दुसऱ्याच शहरात फिरवायची, असा प्रकार वर्षानुवर्षं चालत आलाय. कायदा सांगतो की बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथे नव्याने नोंदणी करावी लागते आणि तिथला कर भरावा लागतो. २०२५ च्या फेब्रुवारीत कर्नाटकच्या परिवहन विभागाने एका मोहिमेत फेरारी, पोर्शे धरून ३० महागड्या गाड्या ताब्यात घेतल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये बंगळुरूत महाराष्ट्र पासिंगच्या एका फेरारीकडून सुमारे १ कोटी ४२ लाख रुपये वसूल केले गेले. तुम्ही तिसरे मालक असाल तरी रस्त्यावर गाडी अडवली की समोर तुम्हीच असता. त्यामुळे परराज्यातली स्वस्त गाडी दिसली, की एनओसी, पुन्हा नोंदणी आणि इथला कर धरून किंमत काढा आणि मग ती खरंच स्वस्त आहे का बघा. अनेकदा नसते.

आयातीची कागदपत्रंही मागा, खास करून कंपनीने इथे अधिकृतपणे कधी विकलंच नाही असं मॉडेल असेल तर. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी असा नियम आहे. २०२१ मध्ये डीआरआयने परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांच्या नावावर करमुक्त आणलेल्या गाड्यांचं रॅकेट पकडलं, २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने भूतानमार्गे आलेल्या गाड्या जप्त केल्या. अशा गाडीची आरसी वरवर अगदी नीट दिसते. म्हणून बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्समधून गाडी सोडवल्याचा कागद, बघायचाच.

पाचशे-हजार रुपयांचं डबडं

आता आपल्या कामाची गोष्ट. या गाड्यांमध्ये ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ डॅशबोर्डखाली १६ पिनांचा ओबीडी पोर्ट असतो. त्यात ब्लूटूथ ॲडाप्टर (ईएलएम३२७ नावाने मिळतो) खोचला की फोनवरच्या ॲपमध्ये इंजिनच्या कॉम्प्युटरमधली माहिती दिसते. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथ ॲडाप्टर चालणार नाही, वायफाय किंवा ब्लूटूथ एलई असलेला घ्या.

बहुतेक लोक फक्त ‘एरर कोड’ बघतात. एकही कोड नाही, म्हणजे गाडी टकाटक! पण कोड एका बटणाने पुसता येतात, आणि विकणाऱ्यालाही ते माहीत असतं. पुसल्यावर मागे राहतात ते ठसे बघायचे. इंजिनचा कॉम्प्युटर स्वतःच्या काही चाचण्या घेत असतो, त्यांना ‘रेडिनेस मॉनिटर’ म्हणतात. कोड पुसले की या चाचण्या पुन्हा शून्यापासून सुरू होतात आणि पूर्ण व्हायला बरंच चालवावं लागतं. ॲपमध्ये अर्ध्या चाचण्या ‘अपूर्ण’ दिसत असतील तर कालपरवाच कोणीतरी कोड पुसलेत किंवा बॅटरी काढलीय. अनेक गाड्या कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले तेही सांगतात. तिथे १२ किमी दिसलं तर सरळ विचारा, काय पुसलंत?

दुसरी युक्ती मला फार आवडते. विक्रेत्याला आधीच सांगून ठेवायचं की गाडी सुरू करू नका, मी आल्यावर करू. पोचल्यावर इग्निशन ऑन करून कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघायचं. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळपास सारखी असतात. हवा ३० अंश आणि कूलंट ७५ असेल तर गाडी तुम्ही यायच्या आधीच गरम केलीय. थंड इंजिनची खडखड, पहिला धूर, यातलं काहीतरी तुमच्यापासून लपवायचंय.

तिसरं, ॲपमध्ये दिसणारा चॅसिस नंबर आरसीवरच्या आणि काचेखालच्या नंबरशी अक्षर न् अक्षर जुळवा. न जुळल्यास तिथूनच नमस्कार करून निघायचं.

या डबड्याने सगळं मात्र दिसत नाही. पोर्शेचा कॉम्प्युटर एक खास हिशोब ठेवतो: इंजिन मर्यादेपेक्षा जास्त वेगाने किती वेळा फिरलं आणि ते गाडीच्या कितव्या तासाला. मॅन्युअल गाडीत पाचव्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला की चाकंच इंजिनला फिरवतात, तिथे रेव्ह लिमिटर काही करू शकत नाही, कारण तो फक्त इंधन तोडतो. ही नोंद सहा पट्ट्यांमध्ये असते. पहिल्या दोन पट्ट्यांत आकडे असणं साहजिक आहे, गाडी चालवायलाच घेतलेली असते. वरच्या पट्ट्यांत, आणि तेही अलीकडच्या तासांत आकडे असतील तर मी ती गाडी घेणार नाही. हा रिपोर्ट कंपनीच्या वर्कशॉपमध्ये किंवा पोर्शेसाठीचं खास सॉफ्टवेअर असलेल्या मेकॅनिककडे निघतो. तिथेच गाडी लिफ्टवर घेऊन सिलिंडरमध्ये कॅमेरा घालून भिंतींवर ओरखडे आहेत का हेही बघून घ्या, जुन्या ३.४ लिटर इंजिनांत तर नक्कीच. बॉक्स्टरचं पुढचं झाकण उघडलं तर डिकी, मागचं उघडलं तरी डिकी, इंजिन मध्ये दडलेलं. लिफ्टशिवाय ऑइल गळती दिसणारच नाही. तपासणीचा खर्च तुम्ही करताय तरी विक्रेता नको म्हणत असेल, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टी

टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘२३१७’ म्हणजे २०१७ चा २३ वा आठवडा. कमी चाललेल्या गाड्यांत टायरची नक्षी नवी आणि रबर म्हातारं असतं. चारही टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर मालकाने बाकी कुठे कुठे काटकसर केली असेल त्याचा अंदाज येतो. ब्रेक कॅलिपर पिवळे असतील तर सिरॅमिक डिस्क आहेत का विचारा. त्या बदलायचा खर्च ऐकून घाम फुटतो.

मुंबई-कोकणातली गाडी असेल तर मॅट उचलून गालिचा हाताने दाबून बघा. बॉक्स्टरच्या कापडी छतातलं पाणी जाण्याची छिद्रं पानांनी तुंबतात, पाणी आत उतरतं, आणि जुन्या बॉक्स्टरमध्ये अलार्मचं इलेक्ट्रॉनिक युनिट नेमकं सीटखाली आहे. एका पावसाळ्यात गाडी सुरूच व्हायची बंद होते.

फेरारीच हवी म्हणणाऱ्यांसाठी थोडक्यात: ३६० मध्ये टायमिंग बेल्ट आहे, तो किलोमीटरवर नाही तर वर्षांवर बदलतात, त्यामुळे ‘गाडी फक्त उभीच होती’ ही तक्रारीची गोष्ट आहे, कौतुकाची नाही. २००४ च्या एफ४३० पासून चेन आली. पॅडल गिअर असलेल्या एफ४३० मध्ये क्लच किती टक्के झिजलाय ते वर्कशॉपच्या कॉम्प्युटरवर कळतं, तो आकडा लेखी घ्या.

व्यवहार ठरला की पैसे बँकेतून द्या, फॉर्म २९ आणि ३० वर त्याच दिवशी सह्या घ्या आणि गाडी आपल्या नावावर करा. विम्याचं ट्रान्स्फर १४ दिवसांत टाका, आणि पॉलिसीत पाण्यामुळे इंजिन गेलं तर भरपाई आहे का बघा. निघताना दुसरी चावी, सर्व्हिस बुक आणि छत हाताने बंद करायचं टूल मागून घ्या. चावी एकच असेल तर नव्या चावीचा आणि तिच्या कोडिंगचा खर्च किमतीतून वजा करा.