तीन किलोंची अट

विम्याचा इतिहास म्हणजे पैशांचा इतिहास, असं आपण धरून चालतो. पण तो शब्दांचाही इतिहास असतो. कसा, ते बघू.

30 जुलै 1965 रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. अमेरिकेतल्या पासष्टीपुढच्या नागरिकांसाठीचा हा सरकारी विमा. कायद्याची अट अशी की, आजाराच्या वा दुखापतीच्या निदानासाठी किंवा उपचारासाठी जे आवश्यक, त्याचाच खर्च मिळेल. म्हणजे आधी आजार हवा! तो टळावा म्हणून डॉक्टर आहाराविषयी बोलत बसले, तर ते बिल या चौकटीत बसेना.

खरं तर फ्रेमिंगहॅम गावात 1948 पासून चाललेल्या अभ्यासानं एक तिसरी अवस्था दाखवून दिली होती. माणूस आजारी नाही, पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांमुळे हृदयविकाराच्या वाटेवर आहे. 'धोका' या शब्दाला कायद्यात जागा नव्हती. लठ्ठपणाबद्दल तर नियमावलीच सांगत होती, की तो स्वतः आजार मानता येत नाही. ते वाक्य 2004 मध्ये काढलं गेलं. पुढे 2008 च्या कायद्यानं, तज्ज्ञगटानं शिफारस केलेल्या प्रतिबंधक सेवा विम्यात घ्यायचा मार्ग मोकळा केला.

नोव्हेंबर 2011 मध्ये दोन निर्णय झाले. हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठी वर्षातून एकदा समुपदेशन. आणि बॉडी मास इंडेक्स 30 किंवा जास्त असेल, तर पहिला महिना दर आठवड्याला, पुढे सहाव्या महिन्यापर्यंत पंधरवड्याला भेट. रुग्णाच्या खिशाला खर्च नाही. मात्र सहा महिन्यांत तीन किलो वजन उतरलं, तरच पुढच्या मासिक भेटी!

आता विचार करा. औषधानं रक्तदाब उतरला नाही, तर डॉक्टर औषध बदलतात, रुग्णाला नापास करत नाहीत. इथे मात्र उपचाराची परीक्षा झाली. सार्वजनिक पैशाचा हिशेब हवाच, ते मान्य. पण हित कळूनही माणसाच्या हातून ते होत नाही, हा पेच ॲरिस्टॉटललाही पडला होता. ज्याचं वजन उतरत नाही, त्यालाच सोबतीची गरज जास्त असते ना? 'आजार नव्हे' हे वाक्य नियमावलीतून गेलं. मनातून जायला वेळ लागतो.