दरखदार व वसई सुभ्याची हिशेबतपासणी

मराठी राज्यात सुभे व परगणे यांच्या जमाखर्चावर देखरेख ठेवण्यासाठी मध्यवर्ती सत्तेने नेमलेले, बहुधा वंशपरंपरागत अधिकारी म्हणजे दरखदार. वसई भागात महसुलाची तपशीलवार नोंद त्याआधीही होत असे. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांस दिल्यावर सिमाव बोतेल्यु या वित्ताधिकाऱ्याने सिद्ध केलेल्या तोंबोत (नोंदपुस्तक, १५५४) येथील उत्पन्नाचा तपशील आढळतो.

मे १७३९ मध्ये चिमाजी आपाने वसईचा किल्ला घेतला आणि सुभ्याचा कारभार शंकराजी केशव फडके याच्याकडे आला. सुभेदाराजवळ दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, चिटणीस, पोतनीस इ. दरखदार असावेत, अशी पेशवाईची रीत होती. खर्चाच्या आज्ञेवर दिवाणाची निशाणी लागे. हिशेबाची छाननी मुजुमदार करी. रोजकीर्द फडणिसाकडे व हजेरीपट सबनिसाकडे असे. यांपैकी कोणासही दूर करण्याचा अधिकार सुभेदारास नव्हता. सर्व व्यवस्थेचे मर्म यातच आहे. हिशेब अखेर पुण्याच्या हुजूर दप्तरात जात.

तथापि तपासनीसही माणसेच होती. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात पेशवाईतील एका विलक्षण प्रकाराची नोंद केली आहे. दरबारातील मंत्री व हिशेबनीस यांना गुप्तपणे द्यावयाच्या रकमेस ‘दरबारखर्च’ किंवा ‘अंतस्थ’ म्हणत व ती रयतेवरील जादा पट्टीतून काढीत. कालांतराने ही लाच ठराविक हक्क बनली आणि इतर खर्चाप्रमाणे तिचाही हिशेब तपासला जाऊ लागला. मग खऱ्या लाचेसाठी नवी वसुली सुरू झाली. अशा नाजूक बाबीत तपासनीस फार खोल जात नसल्याने मामलेदार स्वतःसाठीही भरपूर उरवीत. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती इजाऱ्याने दिल्या जाऊ लागल्या, तेव्हा उरलासुरला वचकही गेला. याच बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसई येथे इंग्रजांशी तह केला.

वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी अस्तित्वात आली. तिच्या मुख्य लेखापरीक्षकाने १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमानुसार आपला अहवाल स्थायी समितीस द्यावयाचा असतो. आयुक्त हा त्याचा वरिष्ठ तपासनीस नव्हे. परंतु २०२० मध्ये निर्वाचित सभागृहाची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि ज्याचा खर्च तपासावयाचा त्या आयुक्ताकडेच, प्रशासक या नात्याने, समितीचे अधिकारही काही वर्षे राहिले.