किलो फ्लाइटचा इंधन आगारांवरील हल्ला

किलो फ्लाइटचा इंधन आगारांवरील हल्ला ही १९७१ च्या बांगलादेश मुक्तिसंग्रामातील हवाई कारवाई होय. ३ डिसेंबर १९७१ च्या रात्री मुक्तिवाहिनीच्या वैमानिकांनी भारतीय भूमीवरून उड्डाण करून तत्कालीन पूर्व पाकिस्तानातील नारायणगंजजवळचे गोदनाइल व चितगाव येथील तेलसाठ्यांवर हल्ले केले. बांगलादेशाच्या हवाई दलाची ही पहिली युद्धमोहीम मानली जाते.

पार्श्वभूमी

पूर्व बंगाल हा नद्यांचा मुलूख आहे. सैन्याची ने-आण मोटारी, बोटी व विमाने यांवर अवलंबून असे आणि या सर्वांना लागणारे इंधन मोजक्या आगारांत साठवलेले असे. चितगाव बंदरानजीक पतेंगा येथे ईस्टर्न रिफायनरी हा तेलशुद्धीकरण कारखाना होता. गोदनाइलचे आगार शीतलक्षा नदीकाठी, ढाक्यापासून जवळच होते. ऑगस्टमध्ये मुक्तिवाहिनीच्या पाणबुड्या सैनिकांनी चितगाव व नारायणगंज या बंदरांतील जहाजांवर सुरुंग लावले होते. ही ठिकाणे त्यामुळे मुक्तिवाहिनीच्या नजरेत पूर्वीपासूनच होती.

पथकाची उभारणी

२८ सप्टेंबर १९७१ रोजी नागालँडमधील दिमापूर येथे या पथकाची स्थापना झाली. मुक्तिवाहिनीचे उपप्रमुख ग्रुप कॅप्टन ए. के. खंदकार यांच्या आडनावाच्या इंग्रजी आद्याक्षरावरून ‘किलो’ हे नाव पडले, असे सांगतात. वैमानिक ९ होते. त्यांतील काही पाकिस्तानी हवाई दल सोडून आलेले, तर बाकीचे नागरी वैमानिक होते. म्हणजे बहुतेकांनी त्यापूर्वी शस्त्रसज्ज विमान चालवलेलेच नव्हते. प्रशिक्षणाची व्यवस्था भारतीय हवाई दलाने केली. जोरहाट तळाचे प्रमुख चंदन सिंग यांचा त्यात मोठा वाटा होता.

भारताने दिलेली विमाने तीन होती : एक डकोटा, एक ऑटर व एक अल्वेट हेलिकॉप्टर (भारतात हेच ‘चेतक’ म्हणून ओळखले जाते). यांपैकी एकही लढाऊ विमान नव्हते. ऑटर हे एका इंजिनाचे, संथ गतीचे मालवाहू विमान. त्याच्या प्रत्येक पंखाखाली ७ रॉकेटे बसवण्यात आली आणि २५ पौंडी बॉम्ब दारातून हातांनी खाली ढकलण्याची सोय करण्यात आली. हेलिकॉप्टरला १४ रॉकेटे व मशीनगन जोडली, तसेच खालून येणाऱ्या गोळ्यांपासून बचावासाठी तळाला पोलादी पत्रा ठोकला. डकोटाचा उपयोग अखेर वाहतुकीपुरताच झाला. ढाक्याला पाकिस्तानची सेबर जेट विमाने सज्ज असताना अशा साधनांनी दिवसा जाणे म्हणजे मृत्यूला आमंत्रणच ठरले असते. म्हणून डोंगर-जंगलांवरून, झाडांच्या शेंड्यांलगत रात्री उडण्याचाच सराव करण्यात आला.

हल्ला

मोहीम आधी नोव्हेंबरात ठरली होती, परंतु ती लांबणीवर पडली. ३ डिसेंबरच्या सायंकाळी पाकिस्तानी विमानांनी पश्चिम सीमेवरील भारतीय विमानतळांवर बॉम्बहल्ले केले आणि उघड युद्धाला तोंड फुटले. त्याच रात्री किलो फ्लाइटला आदेश मिळाला. मार्गशीर्ष पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. चांदण्यात नद्यांची पात्रे स्पष्ट दिसत व त्यांवरून मार्ग काढता येई.

स्क्वाड्रन लीडर सुलतान महमूद व फ्लाइट लेफ्टनंट बदरुल आलम यांनी त्रिपुरातील तेलियामुरा येथून हेलिकॉप्टर नेऊन गोदनाइलवर रॉकेटे डागली. फ्लाइट लेफ्टनंट शमसुल आलम व कॅप्टन अक्रम अहमद हे कैलाशहरहून ऑटर घेऊन चितगावला गेले. दोन्ही ठिकाणी टाक्यांनी पेट घेतला. दोन्ही विमाने सुखरूप परतली.

परिणाम

या आगींमुळे पाकिस्तानी सैन्याच्या इंधन पुरवठ्याला धक्का बसला. मात्र युद्धाचा निकाल त्यावर ठरला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पूर्वेकडील पाकिस्तानी हवाई दल निष्प्रभ झाले ते पुढील काही दिवसांत भारतीय विमानांनी ढाक्याच्या तेजगाव धावपट्टीवर केलेल्या बॉम्बहल्ल्यांमुळे. किलो फ्लाइटचे महत्त्व वेगळे आहे. निर्वासित सरकारला स्वतःचे हवाई दल असल्याचे तिने दाखवून दिले, आणि तेही आपल्याच देशाची संपत्ती, जी स्वातंत्र्यानंतर आपल्यालाच लागणार होती, स्वतःच्या हातांनी जाळून.

यानंतर १६ डिसेंबरच्या शरणागतीपर्यंत पथकाने सिल्हेट, कुमिल्ला, दाऊदकांदी व नरसिंगदी या भागांत भूदलाच्या साहाय्यार्थ उड्डाणे केली. हल्ल्यातील चौघाही वैमानिकांना ‘बीर उत्तम’ हा किताब मिळाला. खंदकार व सुलतान महमूद पुढे बांगलादेश हवाई दलाचे प्रमुख झाले. २८ सप्टेंबर हा दिवस तेथे हवाई दल दिन म्हणून पाळला जातो.