इमारतीतील सामायिक मोबाइल जाळे : परस्पर व्यत्यय

एकाच इमारतीत, स्थानकात किंवा बोगद्यात अनेक मोबाइल कंपन्यांची यंत्रणा असताना एकीच्या प्रक्षेपणामुळे दुसरीच्या ग्रहणात येणारा अडथळा. जाड काँक्रीट आणि लेप दिलेल्या काचा बाहेरच्या टॉवरचे संदेश अडवतात, म्हणून मॉल, रुग्णालये, विमानतळ, भुयारी मेट्रो अशा ठिकाणी आतच छोटे अँटेना बसवावे लागतात.

एकाच कंपनीने असे अँटेना लावले, तर इतरांच्या ग्राहकांची पंचाईत होते. डोक्यावर छताला परक्या कंपनीचा जोरदार अँटेना, आणि आपला टॉवर किलोमीटरभर लांब. शेजारच्या वारंवारतेवरील गोंगाटात फोनला आपला क्षीण संदेश ऐकू येत नाही. तोच फोन दूरच्या टॉवरला गाठण्यासाठी पूर्ण जोर लावतो, तेव्हा छतावरचे ग्रहणही बिघडते. सरळ उपाय म्हणजे सर्वांचे संदेश कंबाइनरमध्ये एकत्र करून त्याच केबली-अँटेनांतून सोडणे. मग अंतराचा फरक उरत नाही. इमारतीतील यंत्रणा कंपन्यांनी वाटून वापरावी, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरण ‘ट्राय’ने जानेवारी २०१७मध्ये केली. तिचा रोख मात्र व्यत्ययापेक्षा मक्तेदारीवर होता.

या उपायाच्या पोटातच दुसरा व्यत्यय आहे : पॅसिव्ह इंटरमॉड्युलेशन, तंत्रज्ञांच्या बोलीत ‘पिम’. सैल कनेक्टर, गंज, केबल कापताना आत राहिलेला धातूचा कीस, इतकेच काय, अँटेनाशेजारच्या फॉल्स सीलिंगची गंजकी सळईसुद्धा दोन जोरदार संदेशांच्या मिश्रणातून तिसरीच वारंवारता तयार करते. १८०५ आणि १८८० मेगाहर्ट्झचे संदेश घ्या. पहिल्याच्या दुपटीतून दुसरा वजा केला की १७३० उरतात. आणि १७१० ते १७८५ हा पट्टा तर फोनकडून येणाऱ्या संदेशांचा! म्हणजे दोन कंपन्यांच्या संदेशांमुळे झळ तिसरीला लागू शकते, आणि तिच्या यंत्रात दोष सापडत नाही. ग्राहकाला रेंजच्या दांड्या पूर्ण दिसतात, पण त्याचा आवाज पलीकडे तुटत राहतो.

चाचणीत साधारणपणे २० वॅटचे दोन संदेश सोडतात. मिश्रणातून निघालेला संदेश त्यांच्याहून सुमारे १५० डेसिबलने, म्हणजे दहाच्या पंधराव्या घाताइतक्या पटीने, क्षीण असावा लागतो. त्या वेळी कनेक्टरवर हलकेच टकटक करून पाहतात. स्थिर असताना शहाणा वाटणारा जोड धक्क्याने उघडा पडतो. कनेक्टर ठरावीक जोराच्या पान्यानेच आवळणे आणि टोके स्वच्छ ठेवणे, हाच खरा इलाज. सॉफ्टवेअरने ही चूक झाकणे अवघड.

३३०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या ५जी पट्ट्यात पाठवणे आणि ऐकणे एकाच वारंवारतेवर, आळीपाळीने चालते. शेजारच्या पट्ट्यांतील कंपन्यांची घड्याळे जुळली नाहीत, तर एकीच्या बोलण्याच्या वेळी दुसरी ऐकत बसते. दुकानदारांनी परस्पर लावलेले बूस्टर हा निराळाच उपद्रव. ते सहसा कंपनी ओळखत नाहीत, पट्ट्यात येईल ते सारे मोठे करतात; परवान्याशिवाय ते बसवणे भारतात बेकायदा आहे.