जाळ्यातला मासा आणि बाटलीतले पाणी

मुळशी तालुक्यात कोळवणच्या खोऱ्यातून वळकी नदी वाहते आणि पुढे मुळेला मिळते. 'या पाण्यात कोणकोणते मासे आहेत?' असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, तर आपण उत्तर कसे शोधू? पुणे परिसरात हा प्रश्न जवळजवळ दोनशे वर्षे विचारला जात आहे.

कर्नल विल्यम साईक्स १८२४ पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करत होते. त्यांनी भीमा, इंद्रायणी, मुळा-मुठा या नद्यांतले मासे मिळवले. त्यांतल्या नव्या जातींची वर्णने १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली. अनेक जातींना त्यांनी इथल्या लोकांच्या तोंडचीच नावे दिली. चाकणजवळच्या इंद्रायणीतला तो 'नुक्ता', आणि मुळा-मुठेतला तो 'खुद्री', म्हणजे आपला दख्खनी महसीर. पुढे १९४२ मध्ये फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी केली. २००३ मध्ये संशोधकांनी जुन्या याद्यांशी तुलना केली, तेव्हा काही जाती सापडल्याच नाहीत.

पण 'सापडली नाही' म्हणजे 'उरली नाही' असे होते का? दुर्मीळ मासा जाळ्यात येईलच असे नाही. इथेच जाळ्याची मर्यादा दिसते.

२००८ मध्ये फ्रान्समधील फिचेटोला आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट दाखवली. प्राण्याच्या शरीरातून श्लेष्मा, विष्ठा, त्वचेच्या पेशी सतत पाण्यात पडतात. त्यांतला डी.एन.ए. काही काळ टिकतो. तळ्याच्या अवघ्या १५ मिलिलिटर पाण्याच्या नमुन्यांतून त्यांनी अमेरिकन बैलबेडकाचा माग काढला. डी.एन.ए.चा ठराविक तुकडा पी.सी.आर. पद्धतीने लक्षावधी पटींनी वाढवायचा आणि ज्ञात जातींच्या तुकड्यांशी पडताळायचा, ही त्यामागची युक्ती.

मग वळकीचे पाणी बाटलीत भरले की काम झाले? तसे नाही. नदी वाहती आहे, त्यामुळे कोळवणला मिळालेला तुकडा वरच्या अंगाच्या माशाचाही असेल. शहराच्या खाली तर आणखी गोंधळ होतो. स्वयंपाकघरात धुतलेल्या रोहूचा डी.एन.ए. सांडपाण्याबरोबर नदीत येतो, आणि नदीत नसलेला मासा 'सापडतो'! शिवाय मासे किती, लहान की मोठे, जिवंत की मेलेले, हेही पाणी सांगत नाही.

सर्वांत मोठी अट म्हणजे ओळखपरेडीची. ज्या जातीचा डी.एन.ए. संग्रहात नाही, तिचा तुकडा हाती आला तरी नाव कळत नाही. कावेरीतल्या मोठ्या मदार महसीराची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये निश्चित झाली. तोवर तो अतिसंकटग्रस्त झाला होता. तिथे बाहेरून सोडलेला आपला 'खुद्री' त्याची जागा घेत होता.

म्हणजे बाटली आली म्हणून जाळे, चित्र आणि नाव यांची गरज संपलेली नाही. म्हणून आपल्या नदीकाठच्या वडीलधाऱ्यांना माशांची नावे विचारावीत, पूर्वी कोणते मासे मिळत ते टिपून ठेवावे. साईक्स यांच्या कामाला अशाच नावांचा आधार होता. काय हरवले हेच ठाऊक नसेल, तर ते शोधायचे तरी कसे?